जुन्या रुमालांचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील कित्येक जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर कागदांचे रुमाल धूळ खात पडले होते. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत चालले होते. काही कागद वाळवीने खाल्ले, काही पावसाने कुजले, तर काही वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्याच्या कामी आले. हे धन नष्ट होऊ नये म्हणून ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होत.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी त्यांना अशक्य नव्हती. पण तरुण वयातच पत्नी निवर्तली, त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, आणि ते गावोगाव हिंडू लागले. हाताने स्वयंपाक करावा, मिळेल तेथे पथारी टाकावी, आणि दप्तर दाखवा म्हणून लोकांच्या विनवण्या कराव्या, असा त्यांचा क्रम असे. घरातील कागद परक्याच्या हाती देण्यास कोण सहजासहजी तयार होणार? तरीही वाईस सापडलेल्या पत्रांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पानिपतापूर्वीची धामधूम त्यातील पत्रांत जिवंत झाली आहे. असे एकंदर २२ खंड त्यांनी सिद्ध केले.

परंतु राजवाडे कागदांत केवळ लढाया शोधीत नव्हते. शब्द कोठून आला, कसा झिजला, याचा त्यांना ध्यासच लागला होता. जुन्या पत्रांतील फारसी व मराठी शब्द मोजून शिवकालानंतर फारसीचा भरणा कसा ओसरला, हे त्यांनी दाखविले. बीडजवळच्या पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. आज आपण ‘आहे’ म्हणतो, तेथे ज्ञानेश्वरीत ‘आथी’ असेही रूप येते. त्याच्या पाठीशी संस्कृतातील ‘अस्ति’ आहे. अशी रूपे निवडून त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहिले आणि १९०९ साली ती पोथीही छापली. ही पोथी एकनाथांनी १५८४ साली केलेल्या शुद्धीकरणाच्या आधीची आहे, असे त्यांचे मत होते. पुढे विद्वानांनी त्यावर शंका घेतल्या, आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या.

राजवाड्यांचा स्वभाव तापट. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकाराने निघाले. पण मतभेद होताच ते तेथून बाहेर पडले. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले ग्रंथ मराठीतच लिहिले, मग परदेशी पंडितांनी वाचोत वा न वाचोत.

अखेरची वर्षे ते धुळ्यास राहिले. मराठी धातू आणि नामे यांची व्युत्पत्ती लावण्याचे काम तेथे चालू असतानाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. मागे घरदार नव्हते, टिपणे मात्र ढीगभर होती. पुढच्याच वर्षी धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले, आणि त्या टिपणांतून कालांतराने दोन कोश छापून निघाले.