पालवणकर बाळू

ह्या अंकी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस एका थोर क्रिकेटपटूच्या चरित्राची ओळख करून देत आहोत. पालवणकर घराणे मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. आडनावातच गावाची खूण आहे. बाळूंचा जन्म मात्र १८७५-७६ च्या सुमारास धारवाडास झाला. जातीने हे लोक चांभार. वडील पलटणीत शिपाई होते, आणि छावणीच्या मैदानावरच ह्या भावंडांनी साहेब लोकांनी टाकून दिलेल्या सामानावर खेळाचे पहिले धडे गिरविले.

पुण्यास एका पारशी क्लबात दरमहा ३ रुपयांवर बाळूंस पहिली चाकरी मिळाली. मैदान झाडावे, रूळ फिरवावा, एवढेच काम. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले; तेथे पगार ४ रुपये. जाळी बांधावी, टेनिसच्या रेषा आखाव्यात आणि सभासदांस सरावाकरिता चेंडू टाकावा. कॅप्टन ग्रेग म्हणून एक नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूंच्या चेंडूवर सराव करीत, आणि आपणांस बाद केल्यास दर वेळी ८ आणे देत, असे सांगतात. बाळू डाव्या हाताने मंद गतीचा चेंडू टाकीत. तो दोन्ही बाजूंस वळे, टप्पा हवा तेथेच पडे, आणि गती केव्हा बदलली हे फलंदाजास उमगत नसे. बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कोणी दिली नाही. आमच्या मते ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, फलंदाजी धन्याची, अशी त्या काळची समजूत होती.

पुढे पुण्याच्या हिंदू संघास गोऱ्यांशी सामने खेळावयाचे होते. बाळूंस घ्यावे की न घ्यावे, ह्यावर बरीच वादावादी झाली. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि त्यांस घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वजण हाताळीत. पण चहाच्या वेळी त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या पात्रातून येई. जेवणाचे ताटही निराळे व मेजही निराळे. चेंडूस विटाळ नाही आणि पेल्यास आहे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

मुंबईस हिंदू जिमखान्याकडून खेळू लागल्यावर पंक्तीचा हा भेद पुष्कळ सैल झाला. १९०६ साली मुंबईच्या मैदानावर हिंदूंनी गोऱ्यांच्या संघास १०९ धावांनी हरविले. त्यात बाळू व एरशा ह्या दोन गोलंदाजांचा वाटा मोठा होता. धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. त्या वर्षी तिकडे उन्हाळा कडक व कोरडा होता. अशा कठीण खेळपट्टीवर मंद गोलंदाजाचे फारसे चालत नाही. संघाने २३ पैकी अवघे ६ सामने जिंकले. तरीही खांदा दुखत असताना बाळूंनी एकंदर ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी ८ गडी टिपले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते! प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत.

एवढे असूनही हिंदू संघाची कप्तानी त्यांस कधी मिळाली नाही. त्या काळी इंग्लंडातही खेळाचे पैसे घेणाऱ्यास सहसा कप्तान करीत नसत. विसाव्या शतकात कप्तान म्हणून नेमला गेलेला असा पहिला गृहस्थ हटन, तो १९५२ साली इंग्लंडचा कप्तान झाला. पण बाळूंच्या वाटेत पैसा आडवा आला नाही, जात आली. १९१३ साली कप्तान झालेल्या पै यांनी हा मान बाळूंचा होता, असे मोकळेपणाने बोलून दाखविले. मनाचा असा मोठेपणा तेव्हा दुर्मिळच होता. १९२० साली बाळूंस संघातून वगळले आणि कप्तानी देवधरांकडे गेली. तेव्हा शिवराम व विठ्ठल ह्या दोघा भावांनी केवळ जातीमुळे आम्हांस डावलले जाते, असे जाहीर करून संघ सोडला. लोकांत गवगवा झाला. मग समेट होऊन पै कप्तान व बाळू उपकप्तान ठरले. सामन्यात पै मैदान सोडून गेले, तेवढ्या वेळापुरती संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सारी कारकीर्द उलटल्यावर मिळाली ती इतकीच. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांनी हिंदूंस चौरंगी सामन्यात विजय मिळवून दिला.

पुढील आयुष्यात बाळू राजकारणात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ साली मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले, आणि सुमारे २००० मतांनी त्यांचा पराभव झाला. अस्पृश्यांनी हिंदू समाजात राहूनच हक्क मिळवावेत, असे बाळूंचे मत, डॉ. आंबेडकरांस ते मान्य नव्हते. ज्यांच्याबरोबर आयुष्यभर खेळले, त्यांच्याविषयी बाळूंच्या मनात आशा उरली होती, असा ह्याचा अर्थ आम्ही लावतो. वाचकांस निराळा वाटल्यास आमची हरकत नाही.

अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी बाळू मुंबईस वारले.