संसारात एकामागून एक धक्के बसले, तरी या बाईने जगाला ‘कोझी फँटसी’ची वाट दाखवली

लढायांना कंटाळलेली एक योद्धा तलवार खाली ठेवते आणि कॉफीचं दुकान टाकते. सोबतीला थोडी जादू, चार जिवाभावाची माणसं आणि हळूहळू फुलणारं प्रेम. २०२२ साली आलेल्या ‘लेजंड्स अँड लॅटेज’ या इंग्रजी कादंबरीची गोष्ट एवढीच. ना जगबुडी, ना रक्ताचे पाट. तरी ती गाजली आणि ‘कोझी फँटसी’ हा शब्द रील्समध्ये सगळीकडे दिसू लागला.

पण जादूला राजवाड्यातून उचलून साध्या घराच्या परसात आणून ठेवणारं मोठं नाव सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. ते म्हणजे एडिथ नेसबिट. पुस्तकांवर नाव फक्त ‘ई. नेसबिट’ असायचं, त्यामुळे लेखक पुरुषच असणार असं कित्येक वाचकांना वाटायचं.

हक्काचं घरच नव्हतं

एडिथ यांचा जन्म १५ ऑगस्ट १८५८ चा, लंडनमधला. वडील शेतकी कॉलेज चालवायचे. एडिथ ३ वर्षांच्या असताना ते गेले. पुढे मोठ्या बहिणीला क्षयरोग झाला. तिला चांगली हवा मिळावी म्हणून आई मुलांना घेऊन इंग्लंड आणि फ्रान्समध्ये गावोगाव फिरत राहिली. एडिथ यांच्या वाट्याला आली ती बोर्डिंग शाळा आणि परक्यांची घरं.

१८८० मध्ये त्यांनी ह्यूबर्ट ब्लँड यांच्याशी लग्न केलं. तेव्हा त्यांना सातवा महिना होता. थोड्याच दिवसांत ह्यूबर्टना देवी आल्या आणि ते अंथरुणाला खिळले असताना धंद्यातला भागीदार पैसे घेऊन पसार झाला. मग घर चालवायला एडिथ यांनी शुभेच्छापत्रं रंगवली, कविता विकल्या, मासिकांना कथा दिल्या.

१८८४ मध्ये हे दोघं समाजवादी विचारांच्या फेबियन सोसायटीच्या संस्थापकांत होते. मुलाचं नावही त्यांनी फेबियन ठेवलं.

पण घरात वेगळंच चाललं होतं. एडिथ यांची मैत्रीण ॲलिस हॉट्सन त्यांच्याच घरी राहायची आणि ह्यूबर्टपासून तिला दोन मुलं झाली. ती दोन्ही मुलं एडिथ यांनी आपली म्हणून वाढवली.

संध्याकाळी संपणारी जादू

१८९९ मध्ये, चाळिशीत, ‘द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स’ने त्यांना खरं यश दिलं. त्याच वर्षी कुटुंब लंडनजवळच्या एल्थममधल्या ‘वेल हॉल’ या मोठ्या घरात राहायला गेलं. आता कुठे दिवस बदलत होते. पण १९०० मध्ये १५ वर्षांच्या फेबियनवर घरीच एक छोटी शस्त्रक्रिया झाली आणि भुलीतून तो परत जागाच झाला नाही.

दोन वर्षांनी ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ आलं. वाळूच्या खाणीत खेळणाऱ्या भावंडांना एक केसाळ, चिडका प्राणी सापडतो. तो रोज एक इच्छा पूर्ण करतो, पण सूर्य मावळला की जादू खलास! मुलं सोनं मागतात, तर ती जुनी नाणी कुठलाच दुकानदार घेत नाही. सुंदर रूप मागतात, तर घरची बाईच त्यांना ओळखत नाही आणि दिवसभर उपाशी राहावं लागतं.

या गोष्टींमधला दिलासा नेमका इथे आहे. घोळ कितीही मोठा झाला तरी संध्याकाळी सगळं जागेवर येतं आणि घर असतं तिथेच असतं. मुलाच्या मृत्यूशी याचा थेट संबंध जोडणं घाईचं ठरेल. पण जे घर पुस्तकातल्या मुलांना रोज परत मिळायचं, ते एडिथ यांना मिळालं नव्हतं, एवढं खरं.

१९०७ च्या ‘द एन्चांटेड कॅसल’मध्ये तर हळुवार प्रेमही आहे. ताटातूट झालेले दोन प्रेमी मुलांमुळे पुन्हा भेटतात आणि सगळा गोंधळ घालणारी जादूची अंगठी शेवटी साधी लग्नाची अंगठी होते.

शेवटी खरी सोबत

१९१४ मध्ये ह्यूबर्ट गेले आणि महायुद्धही सुरू झालं. पैशांची चणचण इतकी, की या नामवंत लेखिकेने घरात पेइंग गेस्ट ठेवले, बागेतली भाजी आणि फुलं विकली.

१९१७ मध्ये त्यांनी थॉमस टकर यांच्याशी दुसरं लग्न केलं. टकर थेम्स नदीवरच्या वूलिच फेरीबोटीवर इंजिनीअर होते. सगळे त्यांना ‘स्किपर’ म्हणायचे. एडिथ यांची शेवटची वर्षं केंटच्या समुद्रकिनाऱ्यावर, लहानशा घरात, या साध्या माणसाच्या सोबतीत गेली. ४ मे १९२४ रोजी त्यांचं निधन झालं.

पुढे ‘नार्निया’ लिहिणाऱ्या सी. एस. लुईस यांनी आणि ‘हॅरी पॉटर’च्या जे. के. रोलिंग यांनी त्यांचं ऋण मान्य केलं. सेंट मेरी इन द मार्श या गावातल्या चर्चच्या आवारात एडिथ यांची कबर आहे. तिथलं साधं लाकडी स्मृतिचिन्ह स्किपरने स्वतःच्या हाताने बनवलं होतं.