समजून घ्या : खडकवासल्याची दारं, हैदराबादची गटारं; विश्वेश्वरय्या मंद्रूपकरांच्या कामाचे का?

मंद्रूप : मंद्रूपहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं की टाकळीजवळ भीमा ओलांडावी लागते. सोलापूर शहरासाठी इथूनच पाणी उचललं जातं. वरच्या अंगाला या पाण्याची वाट खडकवासला, पुणे, मुळा-मुठा, भीमा, उजनी, पंढरपूर अशी आहे. म्हणजे पुण्यात वापरून सोडलेलं पाणीही याच वाटेनं खाली येतं. या वाटेच्या अगदी वरच्या टोकाला शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका अभियंत्यानं काम केलं होतं. ते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा १५ सप्टेंबर हा जन्मदिवस देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

धरणं बांधणारा माणूस म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. गटारं आणि सांडपाण्याचं त्यांचं काम मात्र फारसं सांगितलं जात नाही.

पुण्याशी नातं काय?

जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लहानपणीच गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळुरूत पदवी मिळवली. पुढे म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच आजचं सीओईपी. १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात रुजू झाले. सुरुवातीची नोकरी नाशिक आणि खानदेशात झाली.

सक्करमध्ये काय केलं?

सिंधू नदीचं पाणी गढूळ होतं आणि ते शुद्ध करणारी यंत्रणा सक्करच्या नगरपालिकेला परवडत नव्हती. १८९४-९५ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपलेलं पाणी विहिरीत येऊ लागलं. गाळणीचं काम नदीच्या वाळूनंच केलं. ज्या संस्थेला योजना चालवायची आहे, तिच्या खिशाचा विचार आराखड्यातच झाला होता.

खडकवासल्याची दारं कशी चालायची?

पावसाळ्यात धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये तिथं स्वयंचलित दारं बसवली. ठरलेल्या पातळीवर पाणी गेलं की ती आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. भिंत न वाढवता साठा वाढला. नीरा कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक' पद्धत आणली. त्यात ठरावीक क्षेत्राला, पिकांची फेरपालट करत पाणी मिळे. नीराही पुढे भीमेलाच मिळते.

सांडपाण्याकडे कधी वळले?

मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर म्हणून पाणीपुरवठा आणि गटारांच्या योजना त्यांच्या हाताखालून गेल्या. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आलं. हे बंदर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या पाणी आणि गटार योजनेवर त्यांनी अहवाल दिला.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं आणि हजारो लोक गेले. निजाम सरकारचं बोलावणं आलं तेव्हा विश्वेश्वरय्या परदेशात होते. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. पूर रोखण्यासाठी वरच्या बाजूला धरणं सुचवतानाच त्यांनी शहराच्या भुयारी गटारांचीही आखणी केली. पूर आणि गटार हे दोन्ही प्रश्न एकाच नदीचे, हा त्यामागचा विचार. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. गटारांचं काम मार्गी लागायला मात्र १९३० चं दशक उजाडलं. लोकांच्या डोळ्यांसमोर उभं राहणारं धरण आधी आणि जमिनीखालचं गटार नंतर, हा क्रम तेव्हाही चुकला नाही.

पुढे १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी पार करून एप्रिल १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज घोडं कुठं अडतं?

मुळा-मुठेचंच उदाहरण घ्या. जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं बांधण्याच्या ९९० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. दिवसाला ३९.६ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची ही क्षमता. मूळ मुदत जानेवारी २०२२ होती. प्रत्यक्षात भूमिपूजनच मार्च २०२२ मध्ये झालं. तंत्रज्ञान हाताशी होतं, कर्जही मंजूर होतं. वेळ गेला तो निविदा आणि जागांमध्ये. केंद्र रखडलं तरी नदी थांबत नाही, खालच्या गावांना ते पाणी येतच राहतं.

मंद्रूपनं काय विचारावं?

खालच्या गावाचंही सांडपाणी असतंच. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांवर लोकवस्तीच्या गावांना सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद आहे. मंद्रूप या गटात येतं. काम मंजूर होण्याआधी ग्रामसभेत पाच प्रश्न विचारता येतील :

- जागा ताब्यात आहे का?
- रोज किती सांडपाणी येतं, हे मोजलं आहे का?
- वीजबिल कोण भरणार?
- गाळ कुठं टाकणार?
- ठेकेदार गेल्यावर चालवणार कोण?

सक्करच्या विहिरीचा आराखडा अशाच प्रश्नांची उत्तरं देऊन तयार झाला होता. ती कागदावर नसतील, तर फीत कापल्यावर गटाराचं पाणी पुन्हा ओढ्याला लागायला वेळ लागत नाही.