बर्फातला कोठावळा

बँकेत असताना परभणीच्या कापसाच्या गोदामांची तपासणी माझ्या वाट्याला नेहमी भर मे महिन्यात यायची. तापलेल्या पत्र्याखाली गाठी मोजताना घामाने वही भिजायची. पण एक गाठ कमी भरली तर रात्री झोप लागायची नाही. म्हणूनच असेल, दक्षिण ध्रुवावर गेलेल्यांमध्ये मला कॅप्टन स्कॉटपेक्षा त्यांचा कोठावळा अधिक जवळचा वाटतो. त्याचं नाव हेन्री बॉवर्स.

१८८३ साली स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला तो जन्मला. वडील लहानपणीच वारले. १९०५ साली तो रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे आपल्या आजच्या नौदलाच्या पूर्वावतारात, दाखल झाला. ब्रह्मदेशातल्या इरावतीवर आणि इराणच्या आखातात बंदुकांची चोरटी वाहतूक रोखण्यात उमेदीची वर्षं गेली. उंची पाच फूट चार इंच, नाक चोचीसारखं. म्हणून सारे त्याला ‘बर्डी’ म्हणत.

१९१० साली स्कॉटने त्याला न पाहताच मोहिमेत घेतलं. लंडनच्या गोदीत ‘टेरा नोव्हा’ जहाजाच्या तळकोठारात तो १९ फूट खाली कोसळला आणि उठून पुन्हा कामाला लागला. त्याला जहाजावरच ठेवायचा बेत होता; पण कोणती पेटी कुठे आहे हे त्याला असं तोंडपाठ, की स्कॉटने त्याला किनाऱ्यावरच्या तुकडीत घेतलं.

१९११च्या हिवाळ्यात, सूर्य महिनोन्महिने उगवत नसताना, तो दोन सोबत्यांसह एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाला. पाच आठवड्यांचा प्रवास, पारा शून्याखाली ६० अंशांपर्यंत. वादळात तंबू उडाला. तो पुन्हा सापडला नसता तर तिघांपैकी कोणी परतलं नसतं. आणली फक्त तीन अंडी.

मग ध्रुवाची वाटचाल. तंबू, शिधा, रॉकेल, सगळं चौघांच्या हिशेबाने बांधलेलं. शेवटच्या टप्प्यावर चौघंच जाणार होते. पण ३ जानेवारी १९१२ रोजी ध्रुव सुमारे २७० किलोमीटरवर असताना स्कॉटने पाच जण न्यायचं ठरवलं. तो वाढलेला पाचवा माणूस बॉवर्सच होता. काही दिवसांपूर्वीच त्याच्या तुकडीला स्की मागे ठेवायला सांगितलं होतं. बाकीचे चौघे स्कीवर, हा पायी.

त्या रात्री ही बेरीज त्याच्याइतकी कुणाला कळली असेल? चौघांच्या तंबूत पाच, स्वयंपाकाला जादा वेळ, म्हणजे जादा रॉकेल. पण ज्याचा हिशेब त्याचीच निवड झालेली. आयुष्यभराचा मान समोर उभा असताना हिशेब चुकतोय असं कोण म्हणेल? शिवाय साहेबाचा शब्द मोडायचा नाही, ही शिकवण. ती माझ्याही पिढीला होती. वरून आलेल्या आकड्यासमोर मीही कधीतरी मुकाट्याने सही केली आहे.

१७ जानेवारीला ते ध्रुवावर पोचले. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबरलाच येऊन गेला होता. पाच जणांचा तो प्रसिद्ध उदास फोटो बॉवर्सने दोरी ओढून काढला. सूर्याचे वेध घेऊन वाट ठरवणाराही तोच. परतताना एडगर इव्हान्स गेला. मग महूच्या छावणीतून मोहिमेत आलेला ओट्स. डब्यांतलं रॉकेल उडून गेलेलं, मार्चची थंडी कल्पनेपलीकडची. एका चुकीने मोहीम बुडाली असं म्हणता येणार नाही. पण सगळ्या वजाबाक्या एकाच खात्यावर पडत गेल्या. ‘वन टन डेपो’ हा मोठा साठा वीसेक किलोमीटरवर राहिला असताना स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स मार्चअखेरीस तंबूत संपले. बॉवर्स २८ वर्षांचा होता. ग्रीनॉकच्या त्या मुलाची आई मागे उरली.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला तो तंबू सापडला. पथकासोबत हिंदुस्थान सरकारने दिलेली खेचरं होती: गुलाब, बेगम, राणी, लाल खान... आणि एकाचं नाव हैदराबाद. आमची परभणी तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होती.

सोबत्यांनी तंबू तिघांवर उतरवला आणि वर बर्फाचा ढीग रचला. आता मे महिन्यात अंगाची लाही झाली की मला तो ढीग आठवतो, आणि वाटतं, कोठावळ्याने वही चोख ठेवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ती वही वेळेवर उघडून साहेबापुढे धरणं. ते माझ्यासारख्याला उन्हात जमलं नाही. त्याला बर्फात का जमलं नाही, हे मी कुठल्या तोंडाने विचारू?