तेवीस वर्षे पायांची, तेवीस वर्षे लेखणीची

लिब्बा ब्रे या अमेरिकन लेखिकेची 'अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी' ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात होते ती १८९५ सालच्या मुंबईत. सोळाव्या वर्षात पाऊल टाकणारी एक इंग्रज मुलगी, तिच्या आईचा गूढ मृत्यू, अवचित दिसू लागणारी भयकारी दृश्ये आणि पुढे इंग्लंडमधील मुलींच्या निवासी शाळेतून उघडणारे एक अद्भुत जग, असा तिचा पट आहे. इतिहासाची पार्श्वभूमी, काळोखी गूढता आणि कोवळ्या वयातील प्रेम यांचे हे मिश्रण आजच्या कुमारवाचकांना विलक्षण भुरळ घालते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडच्या पुस्तकांच्या दुकानात अशा इंग्रजी कादंबऱ्यांसाठी स्वतंत्र फळी असते आणि तिच्यासमोर दहावी-बारावीतील मुलेमुली रेंगाळताना दिसतात. अभ्यास सोडून हे कसले खूळ, अशी पालकांची तक्रारही ठरलेली असते.

हे खूळ नवे नाही आणि परकेही नाही. त्या कादंबरीतील मुलगी १८९५ मध्ये मुंबईच्या बाजारातून हिंडत असल्याचे आपण वाचतो, तेव्हा याच शहरात जन्मलेला द्वारकानाथ माधवराव पितळे नावाचा मुलगा तेरा वर्षांचा होता. पुढे 'नाथमाधव' या नावाने त्याने मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना रात्र रात्र जागवले. त्याच्या 'वीरधवल'पायी अनेक मराठी घरांतल्या मुलांनी वडीलधाऱ्यांची बोलणी खाल्ली.

सिंहगडाचा कडा

द्वारकानाथांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला. स्वतःच्या नावातील 'नाथ' आणि वडिलांचे 'माधव' हे नाव जोडून त्यांनी पुढे टोपणनाव घेतले. तरुणपणी मात्र ते लेखक होतील, असे त्यांच्या आयुष्यक्रमावरून कुणाला वाटले नसते. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली होती. अंगात धाडस होते आणि शिकारीचा नाद होता. सुट्टी मिळाली की रानावनात, डोंगरकपारीत भटकावे, असा त्यांचा पिंड होता.

१९०५ साली शिकारीच्या निमित्ताने ते सिंहगडावर गेले आणि तेथील कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, परंतु कमरेखालचा सारा भाग लुळा पडला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे ते आणखी तेवीस वर्षे जगले. त्यांच्या आयुष्याचे असे बरोबर दोन भाग झाले. पहिला भाग पायांच्या बळावर हिंडण्यात गेला, दुसरा एका जागी बसून लिहिण्यात.

हा अपघात जेथे घडला, त्या जागेचेही एक महत्त्व आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे याच गडाचा कडा चढून वर गेले होते. तोच पराक्रम विषय म्हणून घेऊन हरि नारायण आपटे यांनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली. ती नाथमाधवांच्या अपघातापूर्वी दोनच वर्षे, १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. जो कडा मराठी मनात शौर्याचे प्रतीक होऊन बसला होता, त्याच कड्याने या तरुणाचे चालणे कायमचे थांबवले. पुढे याच माणसाने शिवकाल आपल्या लेखनाचा मोठा विषय केला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याने गडावर राग धरला नाही.

वाचनातून लेखनाकडे

चाके लावलेल्या खुर्च्या, फिजिओथेरपी, पुनर्वसन केंद्रे हे शब्द सर्वसामान्य मराठी घरांपर्यंत पोहोचण्याच्या फार आधीचा तो काळ. कमावत्या वयातील पुरुषाचे पाय गेले म्हणजे घरादाराने त्याच्याकडे दयेने पाहावे आणि त्याने भिंतीकडे पाहत दिवस काढावेत, हीच सर्वसाधारण रीत होती. नाथमाधवांनी पुस्तकांचा आधार घेतला. वाचनाने त्यांना आधी तगवले आणि मग लिहिते केले.

त्या काळच्या मराठी वाचकापुढे अद्भुताचे भांडार कमी नव्हते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केलेले अरबी सुरस कथांचे भाषांतर घरोघरी पोहोचले होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये आली होती. राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान, विरह आणि शेवटी मीलन, असा या कादंबऱ्यांचा साचा होता. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने ऐतिहासिक कादंबरीची वाट मोकळी केली. त्यातच जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची भर पडली. विलायतेतील विद्वानांनी ज्याला फारसे जवळ केले नाही, त्या रेनॉल्ड्सच्या काळोखी, रहस्यमय कादंबऱ्या हिंदुस्थानात मात्र अफाट वाचल्या गेल्या आणि मराठीतही उतरल्या.

अशा वातावरणात १९०८ साली नाथमाधवांची 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी आली. पुढच्याच वर्षी 'सावळ्या तांडेल' आली. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. ज्याला उंबरठा ओलांडणे कठीण झाले होते, त्याने आपल्या कादंबरीला समुद्रावरच्या माणसाचे नाव दिले.

'वीरधवल'चे गारुड

नाथमाधवांचे नाव ज्या कादंबरीशी कायमचे जोडले गेले, ती 'वीरधवल' १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. काळ जुना, राजघराणी काल्पनिक आणि कथानक थरारक. घोड्यावर मांड ठोकून दौडत जाणारे वीर, एकनिष्ठ प्रेम, घरातूनच होणारा दगा, वेषांतरे आणि रहस्याचा प्रकरणागणिक वाढत जाणारा गुंता, या साऱ्याने भरलेली ही कादंबरी हाती घेतली की खाली ठेवता येत नसे. इतिहासाचा पेहराव, काळोखाची ओढ आणि प्रेमाची तगमग, हे आज इंग्रजी कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर दिसणारे त्रिकूट मराठीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असे सिद्ध झाले होते.

हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ सालच्या 'चंद्रकांता'ने जे केले, त्याच जातीचे काम मराठीत 'वीरधवल'ने केले. या दोन्ही कादंबऱ्यांनी वाचनाकडे कधी न वळलेल्या माणसांना वाचक केले. एकाने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, अशा रीतीने ही पुस्तके निरक्षरांपर्यंतही पोहोचत. 'चंद्रकांता'ला १९९०च्या दशकात दूरदर्शनने पुन्हा घराघरांत नेले. 'वीरधवल'च्या आवृत्त्या अधूनमधून निघत राहिल्या. परंतु तसा पुनर्जन्म तिच्या वाट्याला आला नाही.

नाथमाधव केवळ अद्भुतात रमले, असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. १९१८ पासून तीन भागांत आलेली 'डॉक्टर' ही त्यांची सामाजिक कादंबरी त्यांच्या महत्त्वाच्या लेखनात गणली जाते. स्त्रियांचे शिक्षण, विधवांचा पुनर्विवाह अशा सुधारणांची बाजू त्यांनी आपल्या कथांतून घेतली. 'रायक्लब अथवा सोनेरी टोळी' आणि 'देशमुखवाडी' या कादंबऱ्याही वाचकांनी उचलून धरल्या. १९२१ मध्ये 'स्वराज्याचा श्रीगणेशा' प्रसिद्ध झाली आणि तिच्यापासून शिवकालावरील कादंबऱ्यांची एक मालाच सुरू झाली. 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशी तिची पुढची पुस्तके येत गेली. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतरचा आणि असहकाराच्या चळवळीचा तो काळ. मुखपृष्ठावर 'स्वराज्य' हा शब्द असलेले पुस्तक हाती घेणे, यालाही त्या दिवसांत एक अर्थ होता.

समीक्षेचा न्याय, वाचकांचा न्याय

मराठी समीक्षेने नाथमाधवांना दुसऱ्या रांगेत बसवले. हरिभाऊ आपट्यांची वास्तवाची जाण त्यांच्याकडे नव्हती, हे मान्य करायला हवे. योगायोगांची रेलचेल, पाल्हाळ, पांढऱ्या आणि काळ्या अशा दोनच रंगांत रंगवलेली पात्रे हे दोष आजच्या वाचकाला पानोपानी जाणवतात. त्यांची अलंकृत भाषा आजच्या मुलांना पहिल्या प्रकरणातच दमवील. हे सारे खरे असूनही एक प्रश्न उरतो. ज्या वयात वाचनाची गोडी लागायची, त्या वयाला हवे ते देणारा लेखक दुय्यम मानून चालेल का?

या संदर्भात सर वॉल्टर स्कॉटची आठवण होते. युरोपात ऐतिहासिक कादंबरीला लोकप्रियता आणि प्रतिष्ठा मिळवून देणारा हा स्कॉटिश लेखक बालपणीच्या आजाराने एका पायाने अधू झाला होता. सैनिक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या त्या मुलाने पुढे 'आयव्हॅन्हो'सारख्या कादंबऱ्यांतून रणांगणे उभी केली. अधू शरीर आणि धावती कल्पना यांची ही जोडी योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. नाथमाधवांच्या बाबतीत तर ती अधिकच बोलकी आहे. स्कॉट लंगडत का होईना, पण आपल्या डोंगरांतून हिंडू शकत होता. नाथमाधवांना ज्या वाटा बंद झाल्या, त्या त्यांनी कागदावर उघडल्या. म्हणूनच त्यांच्या अद्भुताला पळवाट म्हणताना जपून बोलावे लागते. पळण्याची सोय असलेल्याने पळवाट शोधावी, हे वेगळे. चालताही न येणाऱ्याने वाट निर्माण करावी, हे वेगळे.

उपनगरांपर्यंतचा प्रवास

२१ जून १९२८ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी नाथमाधवांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली ही विजेवरची लोकल सुरू झाली होती. मुंबई उपनगर जिल्हा स्थापन होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही भातशेती आणि वाड्यांमध्ये विसावलेली गावेच होती. पुढच्या दशकांत गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून मराठी कुटुंबे या लोकलच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत गेली. १९५० आणि १९५७ मधील हद्दवाढीने ही गावे बृहन्मुंबईत आली. येथे वसलेल्या माणसांनी गणेशोत्सव, व्याख्यानमाला आणि ग्रंथालये सोबत आणली. त्या ग्रंथालयांच्या कपाटांत जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतले नाथमाधवही आले. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या उपनगरवासीयांपैकी अनेकांनी 'वीरधवल' अशाच कपाटातून काढून वाचली.

आता त्या कपाटांची कुलपे क्वचित निघतात. नाथमाधवांच्या निधनाला नव्वदहून अधिक वर्षे लोटली आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्या हिशेबाने त्यांचे सारे लेखन केव्हाच सर्वांसाठी खुले झाले आहे. ते संक्षिप्त करून, आजच्या भाषेत, चित्रांसह पुन्हा मांडायला कायद्याची आडकाठी नाही. 'वीरधवल'च्या जातीचे नवे काही लिहायला तर कधीच कुणाची परवानगी लागत नव्हती. त्यासाठी लागणारा मालमसाला उपनगरांत पायांखाली पडलेला आहे. कान्हेरीच्या डोंगरात शंभरांवर लेणी आहेत. बोरिवलीच्या मंडपेश्वरात शैव लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीजकालीन मठाचे भग्न अवशेष उभे आहेत. अंधेरीची महाकाली लेणी तर इमारतींनी वेढून टाकली आहेत. तरीही काळोख्या इतिहासाचे आकर्षण वाटणाऱ्या बोरिवलीच्या मुलीला त्यासाठी व्हिक्टोरियन इंग्लंडची इंग्रजी वाट धरावी लागते, यात दोष त्या मुलीचा नाही.

मराठी वाचत नाहीत, म्हणून मुलांना बोल लावण्यापूर्वी त्यांना हवे असलेले मराठीत कुणी लिहिते आहे का, हे मोठ्यांनी स्वतःला विचारायला हवे. नाथमाधवांनी ते लिहिले होते. त्यांच्याकडे तेव्हा शाबूत हात, वाचनाची शिदोरी आणि हातातला वेळ एवढेच भांडवल होते.