एलिझाबेथ कॅडी स्टँटन

एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांचा जन्म १८१५ साली न्यूयॉर्क राज्यातील जॉन्सटाउन येथे झाला. वडील कायदेपंडित. त्यांच्या कचेरीत येणाऱ्या विवाहित स्त्रियांची गाऱ्हाणी ही मुलगी ऐकत असे. विवाह होताच त्यांच्या मिळकतीवर कायद्याने पतीचा ताबा येई.

१८४० साली त्या पतीसमवेत लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेस गेल्या. गुलामांच्या मुक्तीसाठी भरलेल्या त्या सभेने स्त्री-प्रतिनिधींना मात्र सहभाग नाकारून वेगळे बसविले! तेथेच ल्युक्रेशिया मॉट यांच्याशी त्यांचा स्नेह जडला.

१९ व २० जुलै १८४८ रोजी सेनेका फॉल्स या लहानशा गावी, एका प्रार्थनामंदिरात, स्त्रीहक्क परिषद भरली. सुमारे तीनशे लोक जमले. जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः स्टँटन यांचा होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचाच साचा घेऊन त्यांनी राजाच्या जागी पुरुषांचा जुलूम मांडला. मताधिकाराची मागणी मॉट यांनाही अतिरेकी वाटली. स्टँटन हटल्या नाहीत. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ठराव संमत झाला. शंभर जणांनी सह्या केल्या; वृत्तपत्रांनी टवाळी आरंभताच काहींनी त्या मागेही घेतल्या.

पुढे कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणाऱ्या १८७० च्या घटनादुरुस्तीस, स्त्रियांना वगळले म्हणून, स्टँटन यांनी विरोध केला. त्या वादातील त्यांची भाषा कृष्णवर्णीयांना हिणवणारी होती, हे लपविण्याचे कारण नाही.

१९०२ साली त्यांचे निधन झाले. स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती १९२० साली झाली, तेव्हा त्या सह्या करणाऱ्यांपैकी शार्लट वुडवर्ड तेवढ्या हयात होत्या.