दासोपंत : पासोडीवर मांडलेले मन

मागील घटकात आपण मुकुंदराजांचा परिचय करून घेतला. त्यांच्याच अंबाजोगाईत सुमारे चार शतकांनी दासोपंत होऊन गेले. संतांनी आधुनिक मानसशास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असे विधान आपण पुष्कळदा वाचतो आणि उत्तरपत्रिकेतही निःशंकपणे उतरवतो. ते कितपत टिकते, हे पाहण्यासाठी दासोपंतांचे चरित्र फार उपयोगी आहे.

त्यांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ. स. १५५१ साली, बीदर परिसरातील नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत हे बीदरच्या दरबारी वसुलीचे अधिकारी होते. वसूल थकला आणि बादशहाने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले. मुदतीत रक्कम न भरल्यास धर्मांतर होणार होते. अखेर प्रत्यक्ष दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या रूपात येऊन रक्कम भरली, अशी कथा आहे. दामाजीपंतांच्या कथेशी तिचे साम्य आपल्या लक्षात येईलच. चमत्कार बाजूला ठेवला तरी ओलीस राहिलेल्या त्या मुलाने पुढे घर सोडले आणि माहूरला बारा वर्षे तप केले, असे परंपरा सांगते. गोदाकाठच्या राक्षसभुवनी त्यांना दत्तपादुका लाभल्या आणि नंतर ते अंबाजोगाईस स्थिरावले. त्यांचे लेखन इतके विपुल की त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका रूढ झाली. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो.

आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे तो त्यांच्या पासोडीचा. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाडेभरडे कापड. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. पाच महाभूते परस्परांत कशी मिसळतात, त्यांतून देह आणि इंद्रिये कशी घडतात, हा त्याचा विषय. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा वाटा स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक-अष्टमांश, असे गणित वेदान्तात आहे. मराठी पंचीकरण-परंपरेत अंतःकरणाचेही पाच भाग होतात : अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. शिवाय जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुर्या या अवस्था आहेतच. संकल्प-विकल्प करते ते मन, निश्चय करते ती बुद्धी, असे नेमके भेद येथे केलेले दिसतात.

ही मांडणी शास्त्र आहे यात शंका नाही. शास्त्र या शब्दाचा जुना अर्थच सुसंगत, शिकविता येईल असे विवेचन हा आहे. परंतु विज्ञान म्हणताना आपण आणखी काही मागतो. अंतःकरणाचे भाग पाच का? निरीक्षणात पाच आढळले म्हणून, की महाभूते पाच आहेत म्हणून? उत्तर दुसरे आहे. संख्या आधी ठरली आणि मन तिच्यात बसविले गेले. सहावा भाग सापडण्याची येथे सोयच नाही.

अर्थात, एवढ्यावरून आधुनिकांनी फार ऐटीत राहू नये. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा उभारली. तेथे प्रतिसादाला लागणारा काळ यंत्राने मोजला जाई, तरी अनुभवाचे वर्णन मिळविण्यासाठी अंतर्निरीक्षणावरच विसंबावे लागे. एकाने आत पाहिलेले दुसऱ्याने कसे पडताळावे, ही अडचण इतकी जाचक ठरली की १९१३ मध्ये वॉटसन यांनी अंतर्निरीक्षणच टाकून केवळ वर्तनाचा अभ्यास करावा असे म्हटले. पुढे मन पुन्हा अभ्यासात आले. पण वादही राहिला. तो प्रयोग, मापन आणि फेरतपासणी यांच्या आधारे चालतो, हा फरक मात्र मोठा आहे.

दासोपंतांना असा वाद घालायचाच नव्हता. साधकाने मनाचे घटक एकेक ओळखावेत आणि आपण त्यांपैकी कोणीच नव्हे हे जाणावे, यासाठी ती पासोडी होती. माझ्या मते तिला मानसशास्त्र ठरविण्याच्या अट्टाहासात आपण हा हेतूच झाकून टाकतो. वेदान्ताचा एक धीट मराठी प्रयोग म्हणून ती कमी मोलाची नाही.

शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी अंबाजोगाईत देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे, आणि पासोडीही त्याच गावी जतन केलेली आहे.